गेलेल्या माणसांचा हिशेब
(वर्षभरातील मराठी मृत्युलेखांच्या निमित्ताने)

गेल्या दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला अकरा दिवस होतात न होतात तोच, १५ नोव्हेंबर २०२१ रोजी, बाबासाहेब पुरंदरे गेले. नवे वर्ष उजाडले आणि ४ जानेवारीला सिंधुताई सपकाळ, १७ जानेवारीला प्रा. एन. डी. पाटील, २२ जानेवारीला कीर्ती शिलेदार, २७ जानेवारीला डॉ. अनिल अवचट, २ फेब्रुवारीला रमेश देव आणि ६ फेब्रुवारीला लता मंगेशकर. अवघ्या चौतीस दिवसांत महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातली सहा माणसे गेली आणि ती सहा वेगवेगळ्या क्षेत्रांतली होती. पुढे २२ जुलैला कादंबरीकार नंदा खरे गेले. सप्टेंबरात लावणी कलावंत गुलाबबाई संगमनेरकर गेल्या. यादी इथे संपत नाही, पण या लेखापुरती एवढी नावे पुरेशी आहेत.

या प्रत्येकाविषयी छापून आलेला मजकूर मी वर्षभर कापून ठेवला. मृत्युलेखांची कात्रणे जमवणे हा छंद कुणाला अभद्र वाटेल. पण चरित्राची साधने धुंडाळणाऱ्याला पहिला दुवा बहुतेक वेळा मृत्युलेखातच सापडतो. माणसाचे गाव, जन्माची तारीख, गुरू कोण, पहिले पुस्तक कोणते, पहिली नोकरी कुठे, हे सगळे एका ठिकाणी पहिल्यांदा लिहिले जाते ते बहुधा तो गेल्यावर. तिथून ते स्मृतिग्रंथात जाते, स्मृतिग्रंथातून पाठ्यपुस्तकात आणि आता तर रात्रीतून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश सिद्ध केले. तशा कामाला बसणाऱ्या उद्याच्या माणसाच्या हाताशी आपण आज काय ठेवतो आहोत, या प्रश्नाच्या अंगाने मी ही कात्रणे वाचली. वाचून झालेले मत थोडक्यात सांगायचे तर असे : आपण गेलेल्या माणसाचा गौरव भरपूर करतो, हिशेब मात्र करत नाही. आणि हिशेबाशिवाय केलेला गौरव टिकत नाही.

पोकळी, पर्व आणि विद्यापीठ

मराठी मृत्युलेखाची एक ठरलेली भाषा आहे. माणूस ‘काळाच्या पडद्याआड’ जातो. त्याच्या जाण्याने ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ निर्माण होते. तो शिक्षक असो की गवई, ‘चालतेबोलते विद्यापीठ’ असतो. आणि ‘एका पर्वाचा अस्त’ होतो. असे शब्द शोकाच्या वेळी तोंडी येणे स्वाभाविक आहे. सांत्वनाला गेलेला माणूस नवे वाक्य शोधत बसत नाही. पण हेच शब्द लेखाचा कणा झाले, की त्यांनी काय झाकले जाते ते पाहायला हवे.

कीर्ती शिलेदार यांचे उदाहरण घेऊ. त्या गेल्या तेव्हा संगीत रंगभूमीचे पर्व संपले असे लिहिले गेले. हेच १९६७ साली बालगंधर्व गेल्यावर म्हटले जात होते. १९९७ च्या अखेरच्या दिवशी छोटा गंधर्व गेले, २०१३ च्या ऑगस्टमध्ये जयमाला शिलेदार गेल्या, तेव्हाही शब्द साधारण हेच होते. एक पर्व किती वेळा संपणार? ते १९६७ साली संपले असेल, तर त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे ‘सौभद्र’ आणि ‘स्वयंवर’ उभे करणारी ही बाई नेमके काय करत होती?

खरा मृत्युलेख या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा होता. जयराम आणि जयमाला शिलेदार यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था चालवली. नाटक कंपनीचे बिऱ्हाड हेच ज्यांचे घर, अशा घरात १९५२ साली कीर्तीताई जन्मल्या. रात्र रात्र चालणारी जुनी नाटके तीन तासांत बसवायची, तर कोणती पदे ठेवायची आणि कोणती गाळायची? वन्समोअर घेण्याची सवय मोडायची की जपायची? ऑर्गन वाजवणारा माणूस मिळेनासा झाला की काय करायचे? गाता गाता अभिनय करायचा, की अभिनय थांबवून गायचे? हे प्रश्न त्यांनी प्रत्यक्ष रंगमंचावर, दौऱ्यावर, तिकीटबारीकडे डोळा ठेवून सोडवले. २०१८ साली मुंबईच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते या कामामुळे. ‘पर्व संपले’ या दोन शब्दांनी हे काम पुसले जाते, कारण संपलेल्या पर्वात कुणी कष्ट करत होते असे वाचकाच्या मनातच येत नाही.

पंचवीस हजार गाणी

लताबाईंच्या मृत्युलेखांत एक आकडा हमखास होता. कुठे पंचवीस हजार गाणी, कुठे तीस हजार, तर कुठे थेट पन्नास हजार. एवढा मोठा फरक असूनही तो कुणाला खटकला नाही, कारण आकडा इथे माहिती म्हणून येत नव्हता. तो नमस्कारासारखा येत होता.

या आकड्याला इतिहास आहे. १९७४ साली ‘गिनेस बुक’मध्ये लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाण्यांची नोंद झाली, कालखंड १९४८ ते १९७४. मोहम्मद रफींनी तिला हरकत घेतली आणि स्वतःचा अठ्ठावीस हजारांचा दावा मांडला. पुढे काही वर्षे दोन्ही दावे छापले गेले आणि १९९१ साली ही नोंदच बंद झाली. खुद्द लताबाईंनी आपण गाण्यांची मोजदाद ठेवलेली नाही आणि हा आकडा कुठून आला ते आपल्याला ठाऊक नाही, असे सांगितले होते. ज्यांच्या नावावर आकडा चढवला त्यांनीच तो नाकारला, तरी मृत्युलेखांनी तो सोडला नाही.

साधे गणित करून पाहावे. सव्वीस वर्षांत पंचवीस हजार, म्हणजे वर्षाला सुमारे साडेनऊशे. सणवार, आजारपण, परदेश दौरे काहीही न वगळता रोज अडीचहून अधिक गाणी. त्या काळात हिंदी चित्रपट वर्षाला साधारण शंभर-सव्वाशे निघत. चित्रपटाला सरासरी सात-आठ गाणी धरली, तर सर्व गायक-गायिकांची मिळून हिंदी चित्रपटगीते वर्षाला नऊशेच्या आसपास होतात. म्हणजे त्या सव्वीस वर्षांत रफी, किशोरकुमार, मुकेश, मन्ना डे, आशाबाई, गीता दत्त कुणीच गायले नाही आणि पुरुषांची गाणीही लताबाईंनीच म्हटली असे मानले, तरी हा आकडा जेमतेम गाठता येतो. इतर भाषांतली गाणी आणि भावगीते मिळवली, तरी मूळ अडचण दूर होत नाही.

आणि हे मोजण्याचे काम झालेले नाही असेही नाही. कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ खंडामागून खंड सिद्ध केला. ध्वनिमुद्रिका, चित्रपटांच्या पुस्तिका, कंपन्यांच्या याद्या पडताळत त्यांनी गाणे न् गाणे नोंदवले. आपल्याकडे विश्वास नेरुरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. अशा मोजणीतून लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच-साडेपाच हजारांच्या घरात येतात. पाच हजार गाणी हा आकडा लहान आहे काय? पण पंचवीस हजारांच्या बाजारात तो सांगायला आपल्याला संकोच वाटतो. त्यात लताबाईंचे काही जात नाही. ज्यांनी आयुष्य घालून सूची केली त्यांचे काम मात्र वाया जाते.

या आकड्याच्या सावलीत आणखी दोन गोष्टी राहून गेल्या किंवा एका ओळीत उरकल्या गेल्या. पहिली स्वामित्वधनाची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लताबाईंनी गायकाला गाण्याच्या विक्रीतून वाटा मिळावा अशी मागणी लावून धरली. गाण्याचे पैसे एकदा घेतले की गायकाचा हक्क संपला, असे रफींचे मत होते. त्यातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे बंद केले. हा प्रसंग आपल्याकडे दोन मोठ्या माणसांतला रुसवा म्हणून रंगवून सांगतात. वास्तविक तो कामगाराच्या हक्काचा प्रश्न होता. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलावंताला असा वाटा मिळण्याची कायदेशीर तरतूद झाली. म्हणजे ज्या बाईला आपण ‘गानसरस्वती’ म्हणून मखरात बसवले, ती कायद्याच्या पन्नास वर्षे आधी धंद्यातली एक रोकडी गोष्ट बोलत होती. दुसरी गोष्ट ‘आनंदघन’ची. या टोपणनावाने लताबाईंनी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या मराठी चित्रपटांना संगीत दिले. गायिका लता आणि संगीतकार आनंदघन यांचे नाते काय, एक दुसरीकडून काय शिकली, हा मराठी समीक्षकाने हक्काने हाताळावा असा विषय. तो यादीतला एक मुद्दा होऊन राहिला.

तत्त्वनिष्ठ, पण कोणत्या तत्त्वांशी?

एन. डी. पाटील गेले तेव्हा सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी त्यांना एकच विशेषण लावले : तत्त्वनिष्ठ. ही तत्त्वे कोणती, हे सांगायचे मात्र बहुतेकांनी टाळले. सांगितले असते तर अडचण झाली असती. एन. डी. शेतकरी कामगार पक्षाचे होते. १९५० च्या दाभाडी प्रबंधाने ज्या पक्षाला मार्क्सवादी दिशा दिली, त्या पक्षाचे. जमीन, शिक्षण, वीज, रस्ता या गोष्टी नफ्याच्या हाती देऊ नयेत, हे त्यांचे तत्त्व. एन्रॉनला विरोध, रायगडातल्या महामुंबई सेझला विरोध, कोल्हापुरात टोलला विरोध, हे सगळे त्या एकाच तत्त्वाचे हिशेब होते. १९७८ ते १९८० या काळात ते सहकारमंत्री होते, पुढे बरीच वर्षे रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन. सत्तेच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे त्यांनी हे तत्त्व कसे चालवून पाहिले, कुठे त्यांना यश आले आणि कुठे त्यांचा पक्ष आक्रसत गेला, हे लिहायला हवे होते. ज्यांच्या धोरणांशी ते आयुष्यभर भांडले त्यांनीच ‘तत्त्वनिष्ठ’ म्हणून हार घातला. भांडण कशावरून होते तेवढे या विशेषणाने अलगद काढून घेतले.

पुरंदऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट झाले. त्यांच्याविषयीचा मजकूर दोन ढिगांत विभागला गेला. एका ढिगात वाद जणू कधी झालाच नाही. ‘जाणता राजा’चे हत्ती-घोडे, गडकोटांवरची पायपीट, पद्मविभूषण. दुसऱ्या ढिगात वादाशिवाय काहीच नाही. २०१५ सालचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार, त्याला झालेला विरोध, दादोजी कोंडदेवांचे स्थान आणि शिवचरित्राला दिलेल्या रंगाबद्दलचे आक्षेप. दोन्ही ढीग वाचूनही एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यांना ‘शिवशाहीर’ म्हणायचे की ‘इतिहासकार’? अनेक लेखांनी एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द वापरले. वास्तविक सगळा वाद या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. शाहिराला जे स्वातंत्र्य आहे ते इतिहासकाराला नाही, आणि इतिहासकाराला जो मान आहे तो मागण्याची शाहिराला गरज नाही. ‘राजा शिवछत्रपती’ हाती घेऊन, एखादे प्रकरण निवडून, त्यातला कोणता तपशील कागदपत्रांतून आला, कोणता बखरीतून आणि कोणता लेखकाच्या मनातून, एवढे कुणी दाखवले असते तर भक्तांना आणि विरोधकांना दोघांनाही वाचण्यासारखे काही मिळाले असते. नव्याण्णव वर्षांचा माणूस गेला. हे लिहायला वेळ मिळाला नाही, असे म्हणता येणार नाही.

‘ते आणि मी’

तिसरा दोष सगळ्यात गोड आहे. मृत्युलेख लिहिणारा मृताबद्दल लिहायला बसतो आणि अर्ध्या पानात स्वतःबद्दल लिहू लागतो. अवचटांच्या बाबतीत हे फार झाले, कारण त्यांच्या घराचे दार सगळ्यांना उघडे होते. ‘बाबा’ मला काय म्हणाला, मला त्याने कागदाचा कोणता प्राणी करून दिला, माझ्यासाठी बासरी कशी वाजवली. या आठवणी खोट्या नाहीत आणि त्यांतला जिव्हाळाही खरा आहे. पण त्या एकत्र वाचल्यावर ओरिगामी करणारा, लाकूड कोरणारा, स्वयंपाकात रमणारा एक छांदिष्ट गृहस्थ समोर उभा राहतो. बिहारमधल्या पूर्णियावर पहिले पुस्तक लिहिणारा, निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांचे हाल मांडणारा, हमालांच्या पाठीवरचे ओझे मोजणारा लेखक मागे सरकतो.

अवचटांनी मराठी पत्रकारितेला एक रीत दिली : ज्याच्याबद्दल लिहायचे त्याच्याकडे जायचे, त्याची मजुरी किती, खोली केवढी, सावकाराचे व्याज किती, हे विचारायचे आणि विशेषणे गाळून लिहायचे. ‘गर्द’ लिहिताना ब्राउन शुगरच्या विळख्यातली मुले त्यांनी जवळून पाहिली. त्यातून १९८६ साली डॉ. सुनंदा अवचट यांच्याबरोबर ‘मुक्तांगण’ उभे राहिले. लेखनातून संस्था निघाल्याचे हे मराठीतले दुर्मीळ उदाहरण. हमीद दलवाई हे त्यांचे मित्र. त्यांच्यावर अवचटांनी ‘हमीद’ हे पुस्तक लिहिले. स्वतः लेखक त्या मैत्रीत पुरता गुंतलेला असूनही पुस्तकाचा विषय दलवाईच राहतात. गेलेल्या मित्राबद्दल कसे लिहावे याचा वस्तुपाठ अवचट स्वतःच घालून गेले होते. त्यांच्या मित्रांनी तो उघडून पाहिला नाही.

म्हाइंभटांची रीत

सिंधुताई सपकाळांचा अंत्यविधी महानुभाव पंथाच्या रीतीने झाला. त्यांच्या पार्थिवाला अग्नी न देता दफन केले गेले. बातम्यांत ही गोष्ट एका ओळीत येऊन गेली. मला मात्र ती ओळ वाचून थांबावेसे वाटले, कारण गेलेल्याला स्मरण्याचे शास्त्र मराठीला पहिल्यांदा दिले ते याच पंथाने.

तेराव्या शतकात चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले. त्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा करायला घेतल्या. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले होते, त्यांच्याकडे ते गेले. मिळालेली प्रत्येक आठवण नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळली. लीळा कुठे घडली, कोण हजर होते, स्वामी नेमके काय बोलले, हे नोंदवले. आठवणींत फरक असेल तर तो फरकही टाकून दिला नाही. पुढे धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा पंथीयांनी पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि कुणाचा पाठ कोणता याची आठवण ठेवली. नागदेवाचार्य गेल्यावर त्यांच्या आठवणींचे ‘स्मृतिस्थळ’ झाले. स्वामींच्या पायांखालच्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’ने ठेवली. ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आरंभ मानला जातो. म्हणजे आपल्या गद्याचा जन्मच, डोळ्यांआड झालेल्या माणसाची साक्षीपुराव्यानिशी आठवण ठेवण्याच्या गरजेतून झाला. आणि म्हाइंभट भक्त होते, तटस्थ संशोधक नव्हते. त्यांची परमेश्वरावर श्रद्धा होती, म्हणूनच त्याचा एक शब्दही चुकीचा जाऊ नये अशी त्यांना काळजी होती. श्रद्धा आणि पडताळणी यांचे वैर आहे ही समजूत आपली, अलीकडची आहे.

ही रीत सिंधुताईंना लावून पाहावी. त्यांची कहाणी महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्यांनीच ती हजारो व्यासपीठांवरून सांगितली, २०१० साली तिच्यावर चित्रपट आला. मृत्युलेखांनी तीच पुन्हा सांगितली. पण सांगणारी स्वतः होती तोवर ती कहाणी सांगणे हे तिचे काम होते. त्या भाषणांतून मिळालेल्या मदतीवर मुले वाढत होती. ती गेल्यावर आपले काम वेगळे होते. त्या घरांत वाढलेली मुले आज कुठे आहेत, काय करतात? व्यासपीठावरचा आवाज थांबल्यावर घरे कशावर चालणार? ‘अनाथांची माय’ हे बिरुद खरे आहे, पण माय गेल्यावर लेकरांचे काय, हा प्रश्न कोणत्याही गावात पहिल्या दिवशी विचारला जातो. तो मृत्युलेखांतून फारसा विचारला गेला नाही.

विरोधकाचा मृत्युलेख

आधुनिक मराठीतही चांगल्या मृत्युलेखाची परंपरा आहे. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. संमतिवयाच्या विधेयकापासून १८९५ च्या पुण्यातल्या सामाजिक परिषदेपर्यंत टिळकांनी त्यांच्याशी कडाडून भांडण केले होते. रानड्यांवर ‘केसरी’त टिळकांनी जो लेख लिहिला, त्यात पेशवाईनंतर गारठून गेलेल्या महाराष्ट्राला ऊब देऊन हलवण्याचे श्रेय त्यांनी निःसंकोचपणे रानड्यांना दिले. हे श्रेय मोलाचे वाटते, कारण ते देणाऱ्याने आपला विरोध कधी लपवला नव्हता. त्याआधी जून १८९५ मध्ये आगरकर गेले. डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिलेले, पुढे दुरावलेले मित्र. त्यांच्यावर लिहितानाही टिळकांना मैत्री आणि मतभेद दोन्हींची वाट धरावी लागली.

आचार्य अत्र्यांचे ‘हुंदके’ आणि ‘समाधीवरील अश्रू’ आजही लोक आवडीने वाचतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात नेहरूंवर सर्वांत जहरी टीका अत्र्यांची. आणि १९६४ साली नेहरू गेल्यावर सलग लेखमाला लिहून ‘सूर्यास्त’ उभा करणारेही अत्रेच. अत्र्यांची अतिशयोक्ती प्रसिद्ध आहे. पण तिच्यामागे माणसाशी केलेली खरीखुरी झटापट होती. पुढच्यांनी अतिशयोक्ती उचलली, झटापट सोडून दिली. आजच्या मृत्युलेखातला ‘युगपुरुष’ हा अत्र्यांचा वारसा आहे, पण भांडवलाशिवायचा. गोविंद तळवलकरांची वाट वेगळी. ‘पुष्पांजली’तले त्यांचे लेख वाचनातून आलेले आहेत. गेलेल्या माणसाचा विचार कोणता, त्याने तो कुठून घेतला, त्यात बदल केव्हा झाला, याकडे त्यांचे लक्ष असते. मृत माणसाशी त्यांची ओळख असो वा नसो, त्याच्या पुस्तकांशी ती असते.

‘गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये’

यावर एक आक्षेप हमखास येईल. माणूस गेल्यावर त्याचे दोष काढणे ही आपली संस्कृती नाही. मरणाबरोबर वैर संपते, असे खुद्द रामाने बिभीषणाला सांगितले. ते खरेच आहे. पण तो प्रसंग नीट आठवावा. रामाने ते सांगितले ते रावणाचे अंत्यसंस्कार सन्मानाने व्हावेत म्हणून. रावणाने काय केले ते विसरा, असे रामाने सांगितले नाही. रावणाची विद्वत्ता, पराक्रम, तप आणि अपराध असे सगळे रामायणात शिल्लक आहे. वैर संपवणे वेगळे आणि वृत्तांत पुसणे वेगळे.

शिवाय मी दोष शोधायला सांगत नाही. लताबाईंच्या गाण्यांचा खरा आकडा हा दोष नाही. एन. डीं.चा मार्क्सवाद हा दोष नाही. नंदा खऱ्यांचेच पाहा. ‘उद्या’ या कादंबरीला साहित्य अकादमीचा २०२० सालचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. समाजाने आपल्याला पुरेसे दिले आहे, पुरस्कार घ्यायचे आपण थांबवले आहे, अशी त्यांची भूमिका होती. ते गेल्यावर लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली, कारण पुरस्कारांची यादी हाच आपल्या मृत्युलेखाचा सांगाडा आहे. मग पुरस्कार नाकारणे हाच एक पुरस्कार म्हणून यादीत बसवला गेला. स्थापत्य अभियंता असलेला हा माणूस ‘अंताजीची बखर’ लिहितो, ‘आजचा सुधारक’सारखे मासिक अनेक वर्षे सांभाळतो, ‘उद्या’त उद्याच्या हिंदुस्थानाचे भयंकर चित्र काढतो. त्याच्या विवेकवादाचा धागा आगरकरांच्या ‘सुधारका’पर्यंत कसा जातो, हे सांगणे म्हणजे त्याला श्रद्धांजली वाहणे.

गुलाबबाई संगमनेरकरांच्या वाट्याला हेही आले नाही. लावणीच्या अदाकारीत हयात घालवलेल्या कलावंताला आम्ही बहुतेक ठिकाणी बातमीचा एक रकाना दिला. फडाचे अर्थकारण, बैठकीच्या लावणीची बांधणी, डोळ्यांनी आणि हातांनी ओळ उलगडण्याची शिकवण, हे ज्ञान लिहिलेले फार थोडे आहे. ज्यांचे सगळे छापून झाले आहे त्यांच्यावर पुरवण्या निघतात. ज्यांचे काहीच छापलेले नाही त्यांच्यासाठी जागा उरत नाही.

काय राहिले?

दैनिकाचा मृत्युलेख रात्री दोन तासांत लिहावा लागतो, हे मान्य. लताबाई जवळजवळ महिनाभर रुग्णालयात होत्या, तेव्हा तोही बहाणा पूर्ण खरा नाही. पण सोडून देऊ. दिवाळी अंकाला ही सबब नाही. घरात वर्षश्राद्ध होते तेव्हा पहिल्या दिवसाचा हंबरडा ओसरलेला असतो आणि माणसे शांतपणे बोलू शकतात. दिवाळी अंकांनी गेलेल्या माणसांसाठी असे वर्षश्राद्धाचे पान ठेवावे. त्यात आठवणी कमी आणि काम जास्त असावे : अचूक तारखा, कामाची पडताळलेली सूची, कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रणे कुठे आहेत याची नोंद, आणि ज्याच्याशी मतभेद होते अशा निदान एका माणसाचा लेख.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवून कावळा शिवायची वाट पाहण्याची आपली रीत आहे. कावळा शिवत नाही तेव्हा घरची माणसे आठवू लागतात की गेलेल्याचे काय राहून गेले. कुणी म्हणते, धाकटीचे लग्न आम्ही करू. कुणी म्हणते, विहिरीचे कर्ज फेडू. त्यावर विश्वास असो वा नसो, त्यात विचारलेला प्रश्न शहाणपणाचा आहे. या वर्षी गेलेल्यांसाठी तोच विचारू. कीर्तीताईंच्या नाटकांची ध्वनिमुद्रणे एका ठिकाणी कोण आणणार? गुलाबबाईंच्या अदांचे चित्रण कुठे आहे? एन. डीं.ची भाषणे, निवेदने आणि लढ्यांचे कागद कोण लावून ठेवणार? ‘राजा शिवछत्रपती’ची साधनांच्या कसोटीवर तपासणी कोण करणार? लताबाईंच्या पाच हजार गाण्यांची पडताळलेली मराठी सूची कोण छापणार?

ही कामे करणाऱ्याला पुरस्कार मिळणार नाही आणि त्याच्या जाण्याने पोकळीही निर्माण होणार नाही. पण म्हाइंभटांनाही कुणी पुरस्कार दिला नव्हता, आणि आज साडेसातशे वर्षांनीही आपण चक्रधरांचे बोलणे वाचू शकतो.